न उसवता घेतलेली गादी

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ओळ सरळ धरली तरी पानाच्या शेवटी खाली घसरते. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी हे चौथीत कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्या. बोलण्यात तर माझी याहून वाईट गत आहे. चार माणसं समोर असली की शब्द घशाशी येतो आणि तिथेच बसतो. त्या एका सवयीपायी माझं आणि सत्तारचाचांचं काय झालं, ते आता चाचा गेल्यावर लिहावंसं वाटलं.

सत्तारचाचा आमच्या नेरचे पिंजारी. जुना कापूस पिंजून गाद्या, रजया, उशा भरून देणारे. अमरावती रोडवर, स्टँडच्या थोडं पुढे, त्यांचं टिनाचं दुकान होतं. मागे घर, पुढे ओटा, मधे पिंजायचं मशीन. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं खोळी शिवल्या आणि भरलेल्या गाद्यांना टाके घातले.

अंगानं ते उंच, पण कमरेतून वाकलेले. दाढी, भुवया, पापण्या, सगळीकडे कापसाचे तंतू. नेरमध्ये कोणीच त्यांना तरुण पाहिलेलं नव्हतं. त्यांची बायको, जमीलाचाची, ओट्यावर भाजी निवडता निवडता म्हणायची, "निकाहच्या दिवशीबी याच्या दाढीत कापूस होता. मले वाटलं, बाप्पा, माह्या बापानं मले बुढ्याले देली."

चाचा मशीनमागून ओरडायचे, "मंग कबूल हाय काहून म्हनली?"

"भूक लागलती. जेवन थांबलं होतं."

पन्नास वर्षांचा संसार दोघांनी असा भांडत केला. त्यात कडूपणा मी कधी पाहिला नाही.

गिऱ्हाईक आलं की चाचा भावाचं बोलत नसत. आधी विचारायचे, "झोप लागते का?" माणसंही डॉक्टरला सांगावं तसं खरं सांगायची. कोणाची पाठ दुखायची, कोणाचा मुलगा पुण्याला जाऊन फोन करत नसे. चाचा ऐकायचे, हातानं गादी दाबत राहायचे आणि मग म्हणायचे, "कापूस दबते बाप्पा, मरत नाई. पिंजला का उठून बसते." हे वाक्य मी अकरा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशोब नाही. पुढे याच वाक्यानं त्यांचा घात केला.

त्यांचा एक नियम होता, त्यांच्या वडिलांपासूनचा. जुनी गादी मालकासमोर उसवायची. मालक ओट्यावर बसणार, त्याच्या डोळ्यांदेखत शिवण कापली जाणार, आतला कापूस बाहेर पडणार, तराजूवर चढणार. किती चांगला, किती सडका, सगळं मालकानं स्वतः बघायचं. मालकाला वेळ नसेल तर गादी घ्यायची नाही.

मी पहिल्यांदा गेले ती गिऱ्हाईक म्हणूनच. नवरा वारला त्या वर्षी. आठ महिने ते त्याच गादीवर पडून होते. जाऊ म्हणाली, जाळून टाक. मला जाळवेना. डोक्यावर घेऊन गेले आणि ओट्याच्या खाली नुसती उभी राहिले. चाचांनी खाली बसवलं, गादी उसवली. मधला कापूस काळा, गोळे झालेला. मला लाज वाटली, मी पदर तोंडाला लावला.  चाचांनी काळा कापूस एका बाजूला केला, उरलेला पिंजला, आणि संध्याकाळी एका मोठ्या गादीच्या दोन लहान गाद्या करून दिल्या. "एक तुह्यी, एक पोरीची. मोठ्या गादीवर एकटं झोपू नाई. रिकामी बाजू सलते."

पैसे द्यायला लागले तर म्हणाले, "तू खोयीची घडी कशी घातली ते मी पाहिलं. तुह्या हातात टाका हाय. उद्यापासून ये."

आणखी एक गोष्ट सांगते म्हणजे नियम कळेल. गावातल्या एका मोठ्या दुकानदाराची आई गेली. थोरला मुलगा गाडीत गादी घेऊन आला. म्हणाला, "उसवा तुम्ही, मले टाइम नाही."

"मंग घेऊन जा."

"अहो, गादी हाय, सोनं नाही."

"ते उसवल्याशिवाय कसं समजन?"

तो रागारागात ओट्यावर बसला, फोन बघत. शिवण कापली तशी कापसातून फडक्याची पुरचुंडी निघाली. आत पाचशेच्या जुन्या नोटा, बंद झालेल्या. म्हातारीनं मुलांपासून लपवून ठेवल्या होत्या आणि तशाच रद्दी झाल्या. त्या माणसाचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं त्यानं संशयानं विचारलं, "एवढ्याच होत्या?"

चाचा खळखळून हसले. "म्हनूनच तं तुले बसवलं बाप्पा! नाईतर हा सवाल तू मले जल्मभर इचारला असता."

असा हा माणूस. लोकांची गादी त्यांच्यासमोर उघडणारा. आता इमारतीचं सांगते.

दुकानाच्या समोर, रस्त्यापलीकडे, यवतमाळच्या एका कंपनीनं मोठी इमारत बांधायला घेतली होती. खाली-वर गाळे, दर्शनी भागाला निळी काच. नेरमध्ये तसलं काही नव्हतं, म्हणून लोक तिला काचेची बिल्डिंग म्हणत. ती पुरी होत आली आणि लॉकडाऊन लागला. पुढे सगळं उघडलं, पण गाळे घ्यायला कोणी येईना. ज्यांनी आगाऊ रक्कम दिली होती त्यांनीही परत मागितली. शटर ओळीनं बंद. काचेवर धूळ. कबुतरांनी वरचा मजला घेतला.

तेव्हा कंपनीचा एक माणूस ओट्यावर आला. वडिलांसाठी गादी हवी होती. गळ्यात टाय, म्हणून चाचा त्याला टायवाला म्हणायला लागले. त्याची झोप विचारली तर तो म्हणाला, "झोप कुठली चाचा, कंपनीवर बँकेचं कर्ज आहे." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. बँकेचं बारा कोटींचं देणं होतं. इमारतीची किंमत पंधरा कोटी. काम पुरं करायला थोडा पैसा कमी पडत होता. मंदीमुळे कोणी पुढे येत नव्हतं, म्हणून कंपनी गावातल्या माणसांना स्वस्तात आत घेत होती. मंदी उठली की आज लावलेल्याचे तिप्पट होतील.

आत यायला दोन वाटा होत्या. एक ठेव. कंपनीला पैसे द्यायचे, बारा टक्के व्याज घ्यायचं. दुसरी हिस्सा. कंपनीचे भागीदार व्हायचं, नफा झाला तर नफा वाटून घ्यायचा.

व्याज म्हटल्याबरोबर चाचांनी कानाला हात लावला. "व्याज आमाले चालत नाई. हजचा पैसा हाय."

चाचा-चाचींनी हजसाठी जन्मभर पैसे साठवले होते. चार लाख झाले होते. तेवढ्यात एकाचं जाणं होत होतं, दोघांचं नाही. लोकांनी म्हटलं, चाचा तुम्ही जाऊन या. ते म्हणत, "एकटा जाऊन काय करू? तिथं माह्यासंग भांडन कोन?" म्हणून त्यांना ते चार लाख वाढवायचे होते, पण पाक मार्गानं. व्याज नको. हिस्सा चालेल, कारण हिस्स्यात नफ्याबरोबर तोट्याचीही जोखीम आपण घेतो, त्यात कोणाचं रक्त पिणं नाही. हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं.

बोटांवर हिशोबही करून दाखवला. "पंधराची इमारत, बारा बँकेचे. तीन उरले का नाई? ते तीन आपले. हिस्सेवाल्यायचे." मग रस्ता ओलांडून गेले आणि काचेच्या बाजूच्या भिंतीला तळहात लावून, गादी दाबून बघावी तसं दाबून आले. "माल मजबूत हाय. फक्त दबलेला हाय."

चाची म्हणाली, "भिताड का कापूस हाय का, पिंजाले?"

"तुले समजत नाई."

"मले नाईच समजत. तुमाले तरी समजते का ते पाहा."

माझ्याकडे नव्वद हजार होते. घरावर स्लॅब टाकायचा होता. उन्हाळ्यात टिनाखाली मुलगी ओला टॉवेल अंगावर घेऊन अभ्यास करायची. नव्वद हजारात स्लॅब होत नव्हता, आणखी तेवढेच लागत होते. टायवाल्याचं बोलणं मीही खोळ हातात धरून ऐकत होते. मला ठेव बरी वाटली. व्याज थोडं, पण ठरलेलं. मी तसं म्हणणार होते. तोंड उघडलं होतं.

चाचा वळले. "काय म्हन्ते बेटी?"

टायवालाही माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "काही नाही."

"मंग तुह्येबी माह्यासंगच टाकू. हिस्स्यात. मालक होशील."

मी मान हलवली. एवढंच. एवढ्याशा मान हलवण्याची किंमत नव्वद हजार होती.

इंग्रजीत छापलेले दोन चकचकीत कागद आले. एक त्यांच्या नावाचा, एक माझ्या. ते मलाही वाचता येईनात, त्यांनाही नाही. चाचांनी प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवले.

त्यानंतरचे काही महिने चाचा फार खुशीत होते. ते दिवस आठवले की आजही हसू येतं. रोज सकाळी नमाज झाली की झाडू घेऊन पलीकडे जायचे आणि बिल्डिंगसमोरचा रस्ता झाडायचे. एकदा कोणी ऑटोवाला भिंतीच्या आडोशाला उभा राहिला, तर इकडून ओरडले, "अरे, माह्या भितीवर काहून मुतून राह्यला?"

तो म्हणाला, "तुमची कधी झाली चाचा?"

"झाली! तुले सांगून होईन का?"

स्टँडवर लोक त्यांना बिल्डर चाचा म्हणायला लागले. त्यांना ती थट्टा आहे हे कळत होतं, तरी आवडत होती.

मग पहिला गाळा भाड्यानं गेला. मोठी पाटी लागली, लाइट लागले. दुकान होतं फोमच्या गाद्यांचं.

चाचा ओट्यावर कंबरेवर हात ठेवून पाटीकडे पाहत राहिले. मी त्यांना नाव वाचून दाखवलं. चित्रात गादीवर बाई, बाईच्या डोक्याखाली पिसासारखी उशी. चाची आतून म्हणाली, "घरात साप ठेवला. आता जा, सापाले भाडं मांगा."

चाचा हसले, पण थोडं उशिरा हसले.

फोमवाल्यानं आमचं गिऱ्हाईक निम्मं खाल्लं. लग्नाच्या गाद्या सगळ्या तिकडे. एका दिवशी एक बाई फोमची गादी ऑटोत टाकून घेऊन चालली होती, आणि तिची जुनी, चांगल्या कापसाची गादी रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली. चाचांनी ती उचलून आणली. तिच्यातही कापूस फक्त दबलेला होता.

पण फोमवालाही टिकला नाही. वर्षभरात गेला, भाडं न देता गेला. दुसरं कोणी आलं नाही. टायवाल्याचा फोन लागेनासा झाला. आणि एक दिवस काचेवर कागद चिकटवलेला दिसला.

चाचांनी मला बोलावलं. "तू चार बुकं शिकली हायेस. वाच."

मी बोट ठेवून ठेवून वाचलं. रस्त्यावरचे दोघे-चौघे थांबले, त्यामुळे आणखीच अडखळले. बँकेची नोटीस होती. कर्ज फिटलं नाही म्हणून इमारत बँकेनं ताब्यात घेतली, लिलाव होणार.

"आपलं नाव हाय का त्यात?"

"नाही चाचा."

"नीट पाय. मालकायचं नाव नाई?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं यवतमाळला गेलो. कंपनीच्या ऑफिसात एकच माणूस होता, वयस्क कारकून, फायली बांधत बसलेला. तो वाईट नव्हता. त्यानं पाणी दिलं आणि खुर्च्या पुसून दिल्या. म्हणाला, "चाचा, इमारतीचे आता नऊ कोटीसुद्धा येत नाहीत. मंदीत पंधराला कोण विचारतो? जे येतील ते आधी बँक घेईल. कंपनीचा दुसरा एक प्लॉट-बिट विकून जे उरेल ते ठेववाल्यांना. हिस्सेवाले सगळ्यात शेवटी."

चाचांनी विचारलं, "म्हन्जे, मालक सगळ्यात शेवटी?"

"हो. कायदाच तसा आहे."

"बाकीच्यायचं झाल्यावर काही उरन का?"

कारकुनानं फायलीची दोरी ओढून गाठ मारली. "नाही चाचा. सांगून ठेवतो, चकरा मारू नका."

येताना एसटीत चाचा खिडकीकडे बसले होते.  कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या शेतात उभ्या होत्या, अर्धा रस्ता तिकडेच बघत होते. मग न वळता म्हणाले, "बेटी, तू ठेव ठेवनार होती ना?"

मी तिकिटाकडे पाहिलं.

"तुह्या तोंडात आलतं त्या दिवशी. मी पाह्यलं. म्हनून तं इचारलं. अन तू नाई म्हनली तं मले बरं वाटलं. कारन तू ठेव म्हनली असती तं मले इचार करा लागला असता, का ही पोरगी ठेव काहून म्हन्ते. मले इचार नोता करायचा."

मी म्हणायला पाहिजे होतं की चाचा, चूक माझी आहे, मी बोलले नाही. तेही मी बोलले नाही. तिकिटाचा कागद बोटांत गुंडाळत बसले.

नेर आल्यावर उतरताना म्हणाले, "जल्मभर लोकायच्या गाद्या त्यायच्यासमोर उसवल्या. ही एक न उसवता घेतली. ते बी आपल्या दोघायसाठी."

ठेववाल्यांना पुढे रुपयामागे तीस पैसे मिळाले असं ऐकलं. माझे ठेवीत असते तर सत्तावीस हजार हाती आले असते. हे मी चाचांना कळू दिलं नाही. पण नेर एवढंसं गाव आहे.

यवतमाळहून आल्यावर आठ-दहा दिवसांनी मी कामाला गेले तर दुकानात मशीन नव्हतं. सिमेंटच्या चौथऱ्यावर चार बोल्ट तेवढे उभे. दारव्ह्याच्या एका माणसानं नेलं होतं. चाचा ओट्यावर उशीची खोळ मांडीवर घेऊन बसलेले. खोळीत चाळीस हजार रुपये होते.

"हे तुह्ये. बाकीचे हळूहळू."

मी हात मागे घेतले. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून निघालं. "चाचा, पैसे कंपनीनं बुडवले. तुम्ही नाही."

"तू कंपनीले ओयखत होती का?"

"नाही."

"टायवाल्याले ओयखत होती?"

"नाही."

"मंग कोनाले पाहून देल्ले?"

 त्यांनी खोळ माझ्या हातात ठेवली. मी घरी येऊन खूप रडले. मशीन गेलं म्हणजे माझंही काम गेलं होतं. माझे पैसे द्यायला त्यांनी जे विकलं, त्यावरच तर मी पोट भरत होते. हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. जाताना म्हणाले होते, "खोयी घरी आनून देत जाईन. जेवढ्या होईन तेवढ्या." पण खोळी भरायला गाद्याच उरल्या नव्हत्या.

चाचीला मी मागच्या दारानं जाऊन भेटले. म्हटलं, तुम्ही समजवा त्यांना. चाची चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "मी सांगून थकली माय. तो म्हन्ते, देनं ठेवून मेलो तं वरती काय जवाब देऊ? टायवाल्याचं नाव सांगू का?" मग म्हणाली, "हजचं राह्यलं ते राह्यलं. मी त्याले बोलली बी नाई त्याच्यावरून. भांडली असती तं त्याले बरं वाटलं असतं."

चाचांनी आढ्याला टांगलेली वडिलांची पिंजण खाली काढली. हाताची पिंजण, माणसापेक्षा लांब, धनुष्यासारखी, ताणलेल्या तारेची. नवी तार लावली आणि सत्तरी उलटलेला माणूस ती खांद्यावर टाकून दारोदार फिरायला लागला, वडील फिरायचे तसा. आज या गल्लीत, उद्या एसटीनं बोरी अरबला. लाकडी ठोकळ्यानं तारेवर टोला मारला की ती तांय करून वाजायची. आमच्या टिनाखाली मला ती दुरून ऐकू यायची आणि हातातलं काम थांबायचं. पोरंसोरं बघायला जमायची. गादी द्यायला क्वचितच कोणी जमायचं.

महिन्याला कधी हजार, कधी दीड हजार, एखाद वेळी दोन. दर महिन्याला आणून द्यायचेच. एकदा मी ठरवलं की घ्यायचे नाहीत. तांय ऐकू आली तशी आतून कडी लावून बसले. वाटलं, थांबतील आणि जातील. ते पायरीवर बसले. हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. दुपार टळली. मी फटीतून पाहिलं तर पायरीवर बसून सोबत आणलेल्या आपल्याच जुन्या रजईचा कापूस बोटांनी मोकळा करत होते. शेवटी मीच दार उघडलं. म्हणाले, "झोप लागली होती का? लागू दे. उन्हाची झोप चांगली." आणि पैसे पुढे केले.

पुढच्या हिवाळ्यात चाची गेली. खोकला छातीत उतरला आणि चार दिवसांत गेली. मी भेटायला गेले तर चाचा ओट्यावर बसलेले होते, आत बायका होत्या.  त्यांनीच बोलायला सुरुवात केली. "शेवटी म्हन्ते कशी, आता एकट्याचे पैसे लागतीन, जाऊन ये." हसले. "एकट्याचे बी नाई उरले, हे तिले मालूम होतं. तरी टोमना मारला."

त्या महिन्यातही ते पाचशे रुपये घेऊन आले.

यात तीन वर्षं गेली. काचेच्या बिल्डिंगचा लिलाव दोनदा झाला, घेणारा आला नाही, तिसऱ्यांदा अमरावतीच्या कोणी घेतली म्हणतात. काच अजून धुतलेली नाही. स्लॅबचा भाव विचारणं मी सोडून दिलं. लोखंड, सिमेंट, सगळं वर गेलं. मुलीनं टिनाखालीच बारावी केली. आलेले पैसे मी एका डब्यात ठेवत गेले, आणि काही तिच्या फीमध्ये गेले. माझी हालत अशी की घेतल्याशिवाय चालत नव्हतं आणि घेताना हात जळत होता.

शेवटचे सातशे रुपये द्यायला आले त्या दिवसाचं लिहून थांबते.

सकाळची वेळ होती. चाचा फार बारीक झालेले. पिंजण भिंतीला टेकवली, पायरीवर बसले, दम घेतला. पाणी प्यायले. मग खिशातून नोटा काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "मोज."

"काय मोजायचं चाचा."

"मोज. माह्यासमोर."

मी मोजले. सातशे.

"झाले नव्वद?"

"झाले."

"मंग तसं लिहून दे. कागदावर."

मी म्हटलं, "माझं अक्षर फार वाईट आहे चाचा. चुका होतात."

"मले कुठं वाचता येते? ज्याले दाखवायचं हाय त्याले सगळ्यायचं अक्षर समजते."

मुलीच्या वहीचं पान फाडलं. याच वहीचं. लिहिलं की सत्तारचाचांकडून माझे सगळे पैसे मिळाले, काही राहिलं नाही. खाली नाव घातलं. ओळ खाली गेली होती. त्यांनी कागद उलटा-सुलटा बघितला, बारीक घडी केली, टोपी काढून टोपीच्या अस्तरात सरकवली आणि टोपी घालून वरून तळहातानं दाबली.

मला त्या वेळी बोलायचं होतं. त्या दिवशी तोंड उघडून मी मिटलं ते माझं देणं होतं, आणि ते मी फेडलेलं नाही, असं काहीतरी. शब्द घशापर्यंत आले होते. चाचा उठता उठता थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि त्या वेळेसारखंच विचारलं, "काय म्हन्ते बेटी?"

मी म्हटलं, "सांभाळून जा."

"हो." पिंजण खांद्यावर घेतली. "आता झोप लागन."

मी दारात उभी राहून बघत होते. ते अमरावती रोडला लागले. काचेच्या बिल्डिंगसमोरून जायचं होतं, आणि तिथे पायवाट अरुंद आहे. तिथे ते थांबले. पिंजण एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतली, काचेला लागू नये म्हणून. मग पुढे गेले.

माझ्या मुठीत सातशे रुपये होते. नव्वद हजार पुरे झाले होते.